ग्रेप, शेल स्क्रिप्ट आणि देवनागरी मजकूर : एक चिकित्सा

संगणक प्रणालीच्या व्यवस्थापनात ग्रेप या आज्ञेचे स्थान वादातीत मानले जाते. केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास 'एड' या संपादकातील शोधक्रिया वेगळी काढून ती सिद्ध केली. ब्रायन कर्निघन व रॉब पाइक यांच्या १९८४ च्या 'द युनिक्स प्रोग्रामिंग एन्व्हायर्नमेंट' या ग्रंथाने लहान आज्ञा पाइपने जोडण्याच्या विचाराला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. लॉग फाइलमधील इंग्रजी नोंदी चाळण्यापुरता हा विचार आजही निर्दोष आहे. प्रश्न उद्भवतो तो नोंदी मराठीत असतात तेव्हा.

'वऱ्हाड' हा आपल्याच प्रदेशाचा शब्द घ्यावा. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जातो : स्वतंत्र ऱ व हलन्त, र व नुक्ता व हलन्त, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात. ग्रेपच्या लेखी मात्र ते तीन भिन्न शब्द होत. प्रमाणीकरणाने पहिली दोन एकरूप होतात, तिसरे होत नाही. 'ॲ'ची कथा याहून विचित्र आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. तत्पूर्वीच्या फाइलींत ते अ आणि चंद्र असे दोन संकेतांकांत आहे, व प्रमाणीकरणही त्यांना जोडत नाही. तेथे सेड वापरून बदल स्वतःच करावा लागतो.

अक्षरगणनेचेही तसेच. 'मारेगाव' आपल्या दृष्टीने चार अक्षरे, युनिकोडच्या दृष्टीने सात संकेतांक, यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट. चार टिंबांचा साचा त्या संपूर्ण शब्दाला जुळत नाही. (यूटीएफ-८ ची रचना १९९२ मध्ये याच थॉम्पसन व पाइक यांनी केली, हा योगायोग मनोरंजक आहे.)

खरा धोका मात्र मौनाचा आहे. काही न सापडल्यास ग्रेप १ हा संकेत परत करते, बिघाड झाल्यास २. रूपभेदामुळे हुकलेला शोधही १ मध्येच जमा होतो. शेल स्क्रिप्ट तो संकेत 'नोंद नाही' असा वाचते आणि पुढे जाते. प्रवेशयादी किंवा लाभार्थी-यादी अशा स्क्रिप्टने ताडून पाहिली, तर अस्तित्वात असलेले नाव कोणतीही सूचना न देता गळते, आणि लॉगमध्ये त्याची खूणही उरत नाही. पाठ्यपुस्तके हा संकेत शिकवितात; त्याचा मराठी नोंदींवरील परिणाम शिकवीत नाहीत. निदान प्रत्येक याद्यांच्या स्क्रिप्टमध्ये शोधापूर्वी दोन्ही फाइली एकाच रूपात आणणे, व न जुळलेल्या नोंदी वगळण्याऐवजी स्वतंत्र फाइलीत काढून माणसाच्या नजरेखालून घालणे, एवढे तरी अभ्यासक्रमात यावयास हवे.