तोडणे, मोडणे, फोडणे : समीक्षेची क्रियापदे

गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेत ‘विघटन’, ‘विखंडन’, ‘विरचना’ या संज्ञा रुळल्या. ‘डीकन्स्ट्रक्शन’ला प्रतिशब्द हवा, ही त्यांमागची गरज रास्तच होती. खुद्द देरिदांनी १९८३ मध्ये तोशिहिको इझुत्सू या जपानी अभ्यासकाला लिहिलेल्या पत्रात या शब्दाच्या भाषांतराचाच विचार केला आहे. हायडेगरच्या संज्ञेसाठी फ्रेंच पर्याय शोधताना उद्ध्वस्त करण्याचा अर्थ त्यांना टाळायचा होता. वस्तू सुटी कशी करायची, हा प्रश्न तेथेही होताच. मराठीत मात्र नामे आली आणि क्रियापदाचे काम ‘करणे’वर भागवले गेले.

वास्तविक या बाबतीत मराठी संपन्न आहे. दोरी, काठी आणि काच या तिन्हींना इंग्रजीत ‘ब्रेक’ चालते. बदललेली अवस्था तेवढी ते क्रियापद सांगते. मराठीत दोरी तुटते, काठी मोडते, काच फुटते. वस्तूची जातच क्रियापद ठरवते. अमूर्ताच्या प्रांतातही हा विवेक टिकून आहे. नाते तुटते, कारण तो धागा आहे. लग्न मोडते, कारण ती मांडणी आहे. पक्ष फुटतो, कारण एका कवचात अनेक जण कोंडलेले असतात. ‘फुटणे’ तर केवळ नाशवाचकही नाही. वाचा फुटते, पालवी फुटते. आतले बाहेर येते.

हा विवेक समीक्षेने वापरला, तर काय हाती लागेल? मर्ढेकरांनी परंपरा ‘तोडली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ‘काही कविता’मध्ये (१९४७) ओवी-अभंगाचा धागा तुटलेला नाही, छंदाची मांडणीही बव्हंशी मोडलेली नाही. त्या परिचित कवचातून यंत्रयुगाची अनोळखी शब्दकळा बाहेर पडते. मर्ढेकरांनी अभंग ‘फोडला’ असे म्हणणे अधिक नेमके ठरेल. उलट ‘गोलपिठा’ने (१९७२) प्रमाणभाषेची सोवळी मांडणीच मोडली. दोन्ही ठिकाणी ‘विखंडन’ म्हणून थांबणे म्हणजे दोन भिन्न कृती एकाच पोत्यात भरणे होय.

दुसरा मुद्दा कर्त्याचा. तुट-तोड, फुट-फोड, फाट-फाड अशा जोड्यांमुळे मराठी वाक्य कर्त्याची जबाबदारी स्पष्ट करू शकते. ‘परंपरा तुटली’ असे लिहिणारा समीक्षक ती कोणी तोडली, हे सांगण्याचे टाळतो. ‘मोडणे’ हे एकच रूप दोन्हीकडे चालते, म्हणून तेथे अधिक सावध राहावे लागते.

रोहे तालुक्यातील वरसे परिसर भातशेतीचा. तेथल्या बोलण्यात भात झोडले, पाखडले, भरडले, कांडले जाते. नारळ आधी सोलतात, मग फोडतात, मग खवतात. कांडण गिरणीत गेले, तरी क्रियापदांचा क्रम शाबूत आहे, कारण प्रत्येक कृतीनंतर हाती येणारी वस्तू निराळी असते. समीक्षेच्या परिभाषेचीही हीच कसोटी असावी: संज्ञा वापरल्यावर संहितेतून निराळे काय हाती आले?

मराठीत आपण अर्थ ‘लावतो’, समास ‘सोडवतो’, कोडे ‘उलगडतो’. यांपैकी एकही क्रिया वस्तू नष्ट करीत नाही. विरचनेला मराठीत घर हवे असेल, तर ते या क्रियापदांच्या शेजारी शोधावे लागेल.