टोपीची व्यंजना

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त दिलेले एक उदाहरण विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. ‘सूर्य मावळला’ हे वाक्य एकच. पण गुराख्याला ते गाई घरी आणावयास सांगते, व्यापाऱ्याला माल आवरावयास, तर अभिसारिकेला निघावयास. वाच्यार्थ सर्वांना समान, व्यंग्यार्थ श्रोत्यागणिक भिन्न. निवडणुकीच्या जाहिरातीकडे साहित्यशास्त्राच्या या वाटेने जाणे काहींना विपरीत वाटेल. परंतु आम्हांस दुसरी इतकी उपयुक्त वाट सापडली नाही.

20 नोव्हेंबर 2024 रोजी झालेल्या विधानसभेच्या मतदानापूर्वी भारतीय जनता पक्षाची एक मोठी जाहिरात राज्यातील वृत्तपत्रांत झळकली. महाराष्ट्रातील निरनिराळी पागोटी, फेटे व टोप्या, आणि जोडीला ‘एक हैं तो सेफ हैं’ ही घोषणा. वरठीच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना आम्हांस तीत पेहरावाच्या वैविध्याखेरीज काही दिसले नाही. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी पान मागून घेतले, क्षणभर न्याहाळले आणि ‘आमची कुठं आहे?’ एवढेच विचारले. मुसलमानांची टोपी त्या चित्रात नव्हती.

पाणिनीय परंपरेत लोप म्हणजे अदर्शन. मात्र जेथे दर्शनाची अपेक्षा आहे, तेथेच अदर्शनाला अर्थ येतो. ‘एक’ या शब्दाने ती अपेक्षा निर्माण केली होती. ‘सेफ’ या विशेषणाला अपादान लागते: सुरक्षित, पण कोणापासून? घोषणा ते कारक रिकामे ठेवते आणि चित्र ते भरते. त्याच प्रचारातील ‘बटेंगे तो कटेंगे’ या घोषणेतही कापणारा कर्ता अनुक्त आहे. धुळ्याच्या सभेत पंतप्रधानांनी ऐक्याचा संबंध जातिजातींतील फुटीशी जोडला होता, हे नमूद केले पाहिजे. तो वाच्यार्थ खोटा नव्हे. आडोसा म्हणून तो उपयोगी पडतो तो खरा असल्यामुळेच.

1960 नंतरच्या दशकात मुंबईत ‘हटाव लुंगी’ अशी घोषणा निघाली, तेव्हा वस्त्राचे नाव घेऊन माणूस लक्षित केला जाई. ती उघड लक्षणा होती. अमेरिकेत 1988 साली बुश यांच्या बाजूच्या एका जाहिरातीने वंशाचा उच्चार न करता एका कृष्णवर्णीय कैद्याचे छायाचित्र दाखविले. आपल्याकडची जाहिरात याहून एक पायरी पुढची. तिने छायाचित्रही टाळले.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 123(3) धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या आधारे मत मागण्यास भ्रष्ट आचार ठरविते. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याची व्याप्ती मतदाराच्या धर्मापर्यंत नेली. तथापि ‘आवाहन’ सिद्ध करावयाचे तर पुराव्यात शब्द लागतो, आणि वगळलेली टोपी पुराव्यात दाखल कशी करावी? व्यंग्यार्थ वाचणाऱ्याच्या मनातला, असा बचाव येथे नेहमीच शक्य असतो. त्यावर आमचे उत्तर एवढेच, की संबंधित घोषणांपैकी ‘बटेंगे तो कटेंगे’ला महायुतीतीलच अजित पवार यांनी महाराष्ट्रात जाहीर विरोध दर्शविला होता. घोषणेत केवळ वाच्यार्थच असता, तर ऐक्याच्या हाकेला मित्रपक्षाने हरकत घेण्याचे कारण काय होते?