सुचलं तसं, बोललं तसं

इन्स्टावरच्या कवितांखाली हल्ली एक ओळ हमखास दिसते : ‘सुचलं तसं लिहिलंय, एडिट केलेलं नाही.’ ती माफीही असते आणि थोडी फुशारकीही. चुकलं असेल तर सांभाळून घ्या, पण अस्सल आहे हे विसरू नका. जरा खोदून विचारलं की दाखल्याला बीट कवी येतात. जॅक केरुआकने म्हणे तीन आठवड्यांत अख्खी कादंबरी टाइप केली. अ‍ॅलन गिन्सबर्ग म्हणे पहिल्या विचारालाच उत्तम मानायचा. मग आपणच का खाडाखोड करत बसायचं?

आधी या दोन दंतकथा तपासू. केरुआकने ‘ऑन द रोड’ एप्रिल १९५१ मध्ये कागद जोडून केलेल्या सुमारे १२० फुटी गुंडाळीवर टाइप केली, हे खरं. पण त्याआधी काही वर्षं तो त्याच प्रवासांच्या वह्या भरत होता, आणि पुस्तक निघालं ते १९५७ मध्ये, बदल होऊन. गिन्सबर्गच्या ‘हाऊल’चे खर्डे १९८६ मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. त्यांत एकाच भागाचे अनेक मसुदे आहेत. शब्द खोडलेत, ओळी हलवल्यात, जागा बदलल्यात. उत्स्फूर्ततेचा झेंडा ज्या कवितेच्या नावाने फडकतो, तीच कविता अशी घासूनपुसून झालेली आहे.

म्हणजे उत्स्फूर्तता हे थोतांड का? मला तसं वाटत नाही. आपण तिच्याकडे चुकीच्या बाजूने बघतो, एवढंच. आणि नीट बघायला सोलापूर ही बरी जागा आहे.

मराठीत दोन शब्द आहेत : उत्स्फूर्त आणि शीघ्र. ‘शीघ्रकवी’ म्हटलं की वेग आठवतो. समोरच्याने सवाल टाकला, की जागच्या जागी जवाब. ‘उत्स्फूर्त’ म्हटलं की उगम आठवतो, आतून उसळून आलेलं काहीतरी. पेशवाईच्या उत्तरकाळात सोलापूरच्या रामजोशींनी नाव कमावलं ते पहिल्या जातीच्या फडांत. कलगी-तुऱ्याच्या झगड्यात शाहिराला विचार करायला सवड नसते. पण रामजोशी कोण होते? घरात पुराण-कीर्तनाची परंपरा, संस्कृतचा अभ्यास आणि वर तमाशाचा नाद. त्यांच्याभोवती आख्यायिका पुष्कळ आहेत. १९४७ मध्ये त्यांच्यावर ‘लोकशाहीर रामजोशी’ हा सिनेमाही आला. त्या आख्यायिका बाजूला ठेवल्या तरी एक गोष्ट उरते. वृत्तं, पुराणकथा, ताल हे सगळं ज्याच्या जिभेवर आधीच बसलंय, त्यालाच आयत्या वेळी बोलता येतं. वेग दिसतो फडावर. त्याची तयारी घरी, अनेक वर्षं झालेली असते.

आता ‘हाऊल’कडे या. ती मोबाइलच्या पडद्यावर वाचायला गेलात तर दमाल. एकेक ओळ चार-पाच ओळींवर घरंगळते, पूर्णविराम सापडत नाही. तेव्हा आधी वाचू नका, ऐका. गिन्सबर्गच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. ओळीची लांबी म्हणजे त्याच्या एका श्वासाची लांबी आहे, हे दोन मिनिटांत कळेल. आणखी एक गोष्ट कळेल. पहिल्या भागात जवळजवळ प्रत्येक ओळ एकाच छोट्या शब्दाने सुरू होते. तो शब्द खुंटीसारखा आहे. कवी तिथे परत येतो, पाय टेकवतो आणि पुन्हा उडी मारतो.

ही खुंटी आपल्याला नवी नाही. पोवाड्यात झीलकरी पालुपद उचलतात, तेवढ्यात शाहिराला श्वासही मिळतो आणि पुढची ओळही. ७ ऑक्टोबर १९५५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरीत गिन्सबर्गने ‘हाऊल’चा पहिला भाग प्रथम वाचला, तेव्हा केरुआक श्रोत्यांत बसून मध्येमध्ये ओरडून त्याला चेव देत होता. झीलकरीच तो, दुसरं काय?

फरक मात्र विसरायचा नाही. शाहिराची कविता सभेसमोरच तयार होते. चूक झाली तर तिथल्या तिथे हसं होतं. बीट कवी टाइपरायटरसमोर एकटा असतो. त्याला हरवणारा कुणी समोर नाही. म्हणून केरुआकच्या लिखाणात कधीकधी पानंच्या पानं नुसती वाहत जातात. बीट कवितेतलं मला न आवडणारं ते हेच : कुणी थांबवणारं नाही, म्हणून न थांबणं. आणि हे मोकळं वाहणं कुणाच्या जिवावर चालतं, हाही प्रश्न आहेच. त्या मंडळींतल्या बायकांची बाजू जॉइस जॉन्सनने आपल्या आठवणींच्या पुस्तकात मांडली. तिने त्याला नाव दिलं ‘मायनर कॅरेक्टर्स’, म्हणजे दुय्यम पात्रं.

आपल्याकडे हा धागा फार जवळून जातो. शाहीर अमर शेख सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे, जन्म १९१६ चा. लाल बावटा कलापथक आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ यांतला तो खडा आवाज. त्यांची मुलगी कवयित्री मलिका अमर शेख. तिचे पती नामदेव ढसाळ. मलिकाचं आत्मकथन ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ मोकळ्या कवीच्या घरातली दुसरी बाजू सांगतं. बीट कविता वाचणाऱ्याने ते पुस्तक शेजारी ठेवावं.

ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. दहा वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, गिन्सबर्ग मुंबईत येऊन गेला होता. लघुनियतकालिकांच्या काळात बीट कवितेची चर्चाही होत होती. त्यामुळे दोघांची तुलना होते, आणि तिथेच एक अन्याय होतो. गिन्सबर्गने विरामचिन्हं टाकली तर तो प्रयोग. ढसाळांनी टाकली तर तो संतापाचा लोंढा. ‘उत्स्फूर्त’ हा शब्द इथे कौतुकाच्या वेषात येतो आणि कारागिरी काढून घेतो. ‘गोलपिठा’ सावकाश वाचा. शिवीच्या शेजारी ग्रांथिक शब्द येतो, गल्लीतल्या शब्दाला पोथीतला शब्द धडकतो. असं चुकून दर पानावर होत नाही. विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाला त्या शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारावे लागले होते, हे त्यांनीच प्रस्तावनेत लिहिलंय. वाचकाला भाषा अडते तिथे कवी स्वतःच्या भाषेत बोलत असतो. ढसाळांनी ती अडचण राहू दिली. तो निर्णय होता.

उलट बाजूचं उदाहरण अरुण कोलटकर. त्यांची कविता चहाच्या टेबलावर सहज बोलल्यासारखी वाटते. पण १९५० च्या दशकापासून लिहिणाऱ्या या कवीचा पहिला मराठी संग्रह आला १९७७ मध्ये. बोलण्यासारखी कविता झटपट झालेली असते, हा समज इथे गळून पडतो.

आता पुन्हा त्या इन्स्टाच्या ओळीकडे. सोलापुरात मित्र भेटला की आपण विचारतो, ‘काय करलालास बे?’ हे वाक्य तोंडात आपोआप येतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत नांदतात, त्यातून ही बोली घडली. पण ‘सुचलं तसं’ लिहिलेल्या कवितेत ते ‘करलालास’ कुठेच नसतं. तिथे चंद्र असतो, पाऊस असतो, ‘तुझ्या आठवणींचा गंध’ असतो, आणि सगळं पाठ्यपुस्तकी मराठीत. मग एडिट केलं नाही, हे खरं कसं? एडिट झालंय, फक्त लिहायच्या आधीच. शाळेने, सिनेमाच्या गाण्यांनी, लाइक मिळालेल्या मागच्या पोस्टने आपली पहिली ओळ दुरुस्त करून टाकली. आपल्याला जे पहिलं सुचलं म्हणून वाटलं, ते खरं तर दुसऱ्यांचं शेवटचं होतं.

उत्स्फूर्त कविता वाचायची माझी कसोटी आता हीच आहे. किती वेळात लिहिली, हे मी विचारत नाही. मोठ्याने वाचून बघतो : हा श्वास कुणाचा आहे? हा शब्द या माणसाच्या तोंडात होता, की बाहेरून आणून बसवलाय? ‘हाऊल’ या कसोटीला उतरते, खर्डे असूनही. ‘गोलपिठा’ उतरतो. आणि एका झटक्यात लिहिलेल्या पुष्कळ कविता उतरत नाहीत, कारण त्यांतला झटका खरा असतो, पण आवाज उसना असतो.

तेव्हा खाडाखोड करायला भिऊ नका. कधीकधी पाच वेळा खोडल्यावरच ‘करलालास’ कागदावर यायची हिंमत करतं. ते आलं की कवितेखाली काही लिहायची गरज उरत नाही.