आजारपणातील समेट : थेऊर आणि तंजावर

दुरावलेल्या भावंडांना दुखणे एकत्र आणते, हा आपल्या कथा-कादंबऱ्यांचा आवडता प्रसंग आहे. उशाशी बसणे, कपाळावर हात, डोळ्यांत पाणी आणि मागचे सारे विसरून जाणे, ही त्याची ठरलेली मांडणी. वाचकाचे मन त्याने हेलावते. परंतु रुग्ण बरा झाल्यावर, अथवा गेल्यावर, त्या समेटाचे काय होते, हा प्रश्न बहुतेक लेखक विचारीतच नाहीत. मराठ्यांच्या इतिहासातील दोन प्रसंग शेजारी ठेवले, तर त्याचे उत्तर शोधता येते.

पहिला थेऊरचा. माधवराव पेशवे आणि रघुनाथराव यांचे नाते चुलत्या-पुतण्याचे. १७६२ मध्ये आळेगावला दोघांच्या फौजा समोरासमोर आल्या. १७६८ मध्ये धोडपला दादांचा पराभव होऊन ते शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. पुढे क्षयाने खंगलेल्या माधवरावांनी थेऊरला अखेरच्या दिवसांत चुलत्याशी समेट केला आणि धाकटा भाऊ नारायणराव याला त्यांच्या हाती सोपवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि रामशास्त्र्यांनी त्याचा दोष रघुनाथरावांवर ठेवला. समेटाला वर्षही लोटले नव्हते.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’चा (१९६२) शेवट थेऊरलाच होतो. तेथे वाचकाचे अश्रू रमा-माधवांसाठी वाहतात आणि ते योग्यच आहे. कादंबरीची रचनाच त्या शोकाकडे चालत जाते. मात्र त्या शोकाच्या उजेडात चुलत्या-पुतण्याचा समेट पूर्ण झाल्यासारखा भासतो. कादंबरी जेथे मिटते, तेथून पुढे त्या समेटाची खरी परीक्षा सुरू होते. मरणाऱ्याला नकार देणे कोणालाच जमत नाही. म्हणून तेव्हाचा होकार कितपत मनापासूनचा, हे तो गेल्यावाचून कळत नाही.

दुसरा प्रसंग शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे या सावत्र भावांचा. वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवरून दोघांत तेढ होती. १६७७ मध्ये कर्नाटकच्या मोहिमेत कोलेरून नदीकाठी भेट झाली. परंतु व्यंकोजीराजे रात्रीच निघून गेले. त्याच वर्षी लढाई झाली, तीत त्यांचा पराभव झाला. नंतर तह ठरला आणि जिंकलेल्या बंगळूर प्रांताचा भाग थोरल्या दिरांनी भावजय दीपाबाईंना दिला. यानंतर व्यंकोजीराजांना औदासीन्याने घेरले. शरीराची हेळसांड, कारभारात मन नाही, उत्सव-समारंभ नाहीत. आज ज्याला आपण मनाचा आजार म्हणू, तोच हा. ही वार्ता कळल्यावर थोरल्या भावाने जे पत्र लिहिले, ते मराठी पत्रवाङ्मयातील एक असाधारण लेखन मानावे लागेल.

त्या पत्रात मागच्या भांडणाचा हिशेब नाही आणि क्षमेची भाषाही नाही. वडिलांनी कसले प्रसंग सोसले याची आठवण आहे. वैराग्याचे वय अद्याप आले नाही, अशी समजूत आहे. फौजेला कामावर लावा, पराक्रम करा, असा आग्रह आहे. जो हरला, त्याला जिंकणारा पुन्हा कर्तेपण देऊ पाहतो, हे या पत्राचे मोठेपण.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. औदासीन्य उपदेशाने हटत नाही, हे आज वैद्यकाने स्पष्ट केले आहे. पत्राचा स्वर प्रेमळ असला तरी तो धन्याचाही आहे. धाकट्या भावाला नेमके काय सलते, हे ऐकून घेण्यास त्यात जागा थोडी. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले, आणि दोघांतील बोलणे तेथेच थांबले. तरीही हा समेट मोडला नाही, कारण येथे वाटणीचा निवाडा आधी झाला आणि विचारपूस नंतर आली. थेऊरला दुखणे हेच एकत्र येण्याचे कारण होते. ते संपताच कारणही संपले.

थेऊरच्या काठची मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, आणि तीच भीमा आपल्या अफजलपूर तालुक्यातून, गाणगापुरावरून वाहते. या काठच्या आपल्या जुन्या घराण्यांनाही भावकी नवी नाही. शेताच्या बांधावरून अबोला धरलेले भाऊ सोलापूरच्या इस्पितळाच्या ओसरीत भेटतात, चहा एकत्र घेतात, आणि तेराव्यानंतर पुन्हा आपापल्या वाटेने जातात. अशा घरांची गोष्ट लिहू पाहणाऱ्याने अश्रूंपाशी थांबू नये. जमिनीच्या उताऱ्यासारखा रूक्ष कागद आधी मिटला होता की नाही, हेही त्याने पाहावे. इस्पितळातल्या त्या भेटीचे पुढे काय होणार, याचा अंदाज तेथूनच येतो.