ओनोदाची निष्ठा आणि लुबांगचे भात

हिरू ओनोदा या जपानी सैनिकाभोवती गेल्या पन्नास वर्षांत जे वाङ्मय उभे राहिले, त्याचे मध्यवर्ती मूल्य एकच आहे : निष्ठा. हा अधिकारी डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपाइन्समधील लुबांग बेटावर उतरला. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले. तो मार्च १९७४ पर्यंत लढत राहिला. त्याच वर्षी त्याचे आत्मकथन जपानीत आणि लगोलग इंग्रजीत प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये जर्मन दिग्दर्शक वेर्नर हर्झोग यांनी त्याच्यावर कादंबरी लिहिली आणि फ्रेंच दिग्दर्शक आर्थर हरारी यांचा चित्रपटही आला. या माणसात कलावंतांना काय दिसते, आणि काय दिसत नाही, हे तपासले पाहिजे.

आत्मकथन वाचनीय आहे, हे मान्य करणे भाग आहे. तीस वर्षे मनाने ठेवलेल्या दिनदर्शिकेत चूक अवघी सहा दिवसांची. रायफल शेवटपर्यंत चालू. परंतु पुस्तकाचा खरा गाभा या काटकपणात नाही. तो पुरावा नाकारण्याच्या पद्धतीत आहे. युद्ध संपल्याची पत्रके १९४५ मध्येच मिळाली. ती बनावट ठरली. १९५२ मध्ये विमानातून घरची पत्रे आणि छायाचित्रे टाकली. ती शत्रूची चाल ठरली. सख्ख्या भावाने ध्वनिक्षेपकावरून हाक मारली, तर तो आवाज नकलाकाराचा ठरला. ग्रंथाला प्रतिकूल वचन सापडले की ते प्रक्षिप्त ठरवून मोकळे होणारे आपल्याकडचे शास्त्री ज्यांनी वाचले आहेत, त्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही.

मग हे कवच फुटले कसे? फेब्रुवारी १९७४ मध्ये नोरिओ सुझुकी हा भटका तरुण त्याला जंगलात भेटला. त्याच्या सांगण्यावरूनही ओनोदा हलला नाही. वरिष्ठाची आज्ञा आणा, म्हणाला. तेव्हा जुना वरिष्ठ मेजर तानिगुची याला बेटावर आणले गेले. तो एव्हाना पुस्तकविक्रेता झाला होता. ९ मार्चला त्याने आज्ञा वाचली आणि ओनोदाने शस्त्र खाली ठेवले. भावाचे खोटे, वृत्तपत्रांचे खोटे, वरच्याचे मात्र तत्काळ खरे! सत्य वरूनच खाली यावे लागते अशी ज्यांच्या मनाची घडण झाली आहे, त्यांनाच ही निष्ठा उदात्त वाटू शकते. ओनोदासह एकूण चौघे होते. त्यांतील युइची आकात्सू १९४९ मध्ये गट सोडून निघाला आणि १९५० मध्ये शरण गेला. आत्मकथनात त्याच्या वाट्याला कमीपणाच येतो. आमच्या मते त्या चौघांत स्वतःच्या डोक्याने चालणारा तो एकटाच होता.

आता भाताची गोष्ट. कापणी झाली की हे सैनिक डोंगरातून उतरत आणि शेतकऱ्यांनी रचलेल्या भाताच्या उडव्यांना आग लावत. आपण अजून येथे आहोत, ही जपानी सैन्याला खूण. ज्या सैन्याला ही खूण होती ते कधीच विसर्जित झाले होते. जळत होते ते गरिबाचे वर्षाचे अन्न. ऑक्टोबर १९७२ मध्ये अशाच एका आगीच्या वेळी ओनोदाचा शेवटचा सोबती कोझुका पोलिसांच्या गोळीने मेला. त्या मृत्यूने सारा जपान हळहळला. या तीस वर्षांत सुमारे ३० बेटवासी मारले गेले, असे सांगितले जाते. आत्मकथनात ते शत्रू म्हणून येतात, फार तर अडथळा म्हणून. दलित आत्मकथनातला ‘मी’ आपल्याबरोबर सारी वस्ती घेऊन येतो. ओनोदाचा ‘मी’ भरल्या बेटावरची माणसे पुसून टाकतो आणि उरलेल्या जागेला जंगल म्हणतो.

आणि या हत्यांची क्षमा कोणी केली? ११ मार्च १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी. देशावर १९७२ पासून लष्करी कायदा लादणाऱ्या हुकूमशहाने मेलेल्या शेतकऱ्यांच्या वतीने क्षमा केली. त्यांच्या विधवांना कोणी विचारले? हे आत्मकथन ज्याने शब्दबद्ध केले त्या इकेदा शिन याने १९७७ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहून ही वीरप्रतिमा नाकारली. पण जगभर वाचले गेले ते पहिलेच पुस्तक.

हर्झोग सामान्य कलावंत नव्हेत. १९९७ मध्ये ते एका संगीतिकेसाठी टोकिओत होते. सम्राटाच्या भेटीचा प्रस्ताव त्यांनी नाकारला आणि ओनोदाला भेटायचे आहे असे सांगितले. त्यांच्या कादंबरीत पाऊस आहे, अरण्य आहे, काळ हा भास आहे काय असे प्रश्न आहेत. पण युद्ध हे स्वप्न होते काय, असे एकदा विचारले की शेतात पडलेले प्रेतही स्वप्नात जमा होते. ही सौंदर्यदृष्टी ज्याचे भात जळाले त्याची नव्हे.

निष्ठेचीच पूजा करायची असेल, तर आणखी एका माणसाचे नाव घ्यावे लागेल. १८ डिसेंबर १९७४ रोजी इंडोनेशियातील मोरोताई बेटावर असाच एक सैनिक सापडला. ओनोदापेक्षाही नऊ महिने अधिक तो टिकला होता. त्याचे नाव अत्तुन पलालिन; तैवानमधील अमिस या आदिवासी जमातीचा. १८९५ ते १९४५ तैवान जपानच्या ताब्यात होते. राज्यकर्त्यांनी त्याचे नाव नाकामुरा तेरुओ ठेवले आणि आदिवासींच्या ‘ताकासागो’ स्वयंसेवक पथकात त्याला घेतले. तो जंगलात असताना तैवानची सत्ता बदलली आणि नव्या सत्तेने त्याला ली क्वांग-हुई हे चिनी नाव दिले. इतक्या वर्षांच्या चाकरीबद्दल जपानी कायद्याने त्याच्या हाती ठेवले ६८,००० येन. तो वसाहतीतला, आता परका, म्हणून निवृत्तिवेतन नाही! लोकक्षोभ झाल्यावर अधिक रक्कम देण्यात आली, पण ती हक्क म्हणून नव्हे, सहानुभूती म्हणून. एक अधिकारी, दुसरा साधा शिपाई, हा फरक होता खरा. परंतु निवृत्तिवेतन अडले ते हुद्द्यावर नव्हे. इंग्रजी फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केल्यावर महारांची भरती बंद झाली आणि १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांना विनंतीपत्र लिहावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

जानेवारी १९७५ मध्ये तो घरी पोचला. मृत समजून त्याच्या पत्नीने दुसरे लग्न केले होते. त्याच वर्षी ओनोदा ब्राझीलला गेला आणि तेथे त्याने गुरांचा व्यवसाय थाटला. २०१४ मध्ये तो वयाच्या ९१ व्या वर्षी वारला, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याच्यावर लिहिले. अत्तुन पलालिन जून १९७९ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. परत आल्यानंतर तो साडेचार वर्षे जगला.