मूळ हरवल्यावर : पु. वि. बापटांचे चिनी-पाली अध्ययन

अनुवाद ही मूळ ग्रंथाची केवळ छाया, ही समजूत पु. वि. बापट यांच्या अध्ययनापुढे टिकत नाही. उपतिस्साच्या ‘विमुत्तिमग्गा’चा मूळ पाली पाठ हाती नाही, संपूर्ण उरला तो सहाव्या शतकारंभी संघपालाने केलेला चिनी अनुवाद. बापटांनी 1937 साली पुण्यातून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना केली. मूळ हरवले तेथे अनुवादच साक्षी झाला.

भांडारकर संस्थेने 1970 साली प्रसिद्ध केलेल्या, अकिरा हिराकावा यांच्यासह सिद्ध केलेल्या ग्रंथात कसोटी वेगळी होती. येथे ‘समन्तपासादिका’ ही पाली विनय-अट्ठकथा उपलब्ध होती आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस संघभद्राने केलेले तिचे चिनी रूपही. विनयात अन्न, वस्त्र, निवास, औषध यांचे नियम येतात. ते चिनी नगरांतील भिक्षूंपर्यंत नेताना संघभद्राने केलेला संक्षेप हा केवळ दोष नव्हे. परक्या जीवनक्रमात काय रुजेल, याविषयीचा तो निर्णयही असतो. पाठांची तुलना या निर्णयांचा शोध घेण्यास आधार देते.

दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. पुण्यातून प्रसिद्ध झालेली ही चिनी विद्या मराठीत आणण्याचे ऋण बापटांवर नाही. ते त्यांच्या मराठी वारसांवर आहे.