खाल्ल्या मिठाचा हिशेब

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात 'भूक' हा शब्द इतका आला आहे की आता तो वाचताना काही टोचत नाही. भुकेचे दाहक चित्रण, भुकेने होरपळलेले बालपण, वगैरे. मीही हे लिहिले आहे, तेव्हा दोष केवळ इतरांना देत नाही. पण भूक दुष्काळानेही लागते. ती कोणी लादली हे त्या शब्दातून कळत नाही. अन्न कोणी कोणाला काय म्हणून दिले, हे आपल्या लेखकांनी नोंदवून ठेवले आहे आणि नेमकी तीच नोंद समीक्षेने वाचलेली नाही.

मराठीतले अन्नाविषयीचे वाक्प्रचार एकदा नीट ऐकावेत. खाल्ल्या मिठाला जागणे. खाल्ल्या घरचे वासे मोजणे. हे सारे देणाऱ्याच्या ओटीवर बसून बोललेले आहे. ऋणी नेहमी खाणारा. ज्याने पिकवले त्याच्याशी बेइमानी करण्याला या भाषेत म्हण आहे का? मला तरी आठवत नाही.

मी चिपळूणचा, म्हणून माझ्यापुढे खोती येते. कुळाने भाजावळ करायची, चिखल तुडवायचा, लावणी-कापणी करायची, अर्धेलीचे निम्मे भात खोताच्या घरी पोचवायचे, वर वेठीला जायचे. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की आपणच पिकवलेल्या भातातले चार पायली वाढीदिढीने उसने आणायचे. आणि मग म्हणायचे काय, तर कुळाने खोताचे मीठ खाल्ले! नाचणीची भाकरी आणि पेज यांवर वर्ष काढणारा माणूस तांदूळ खाणाऱ्याचा ऋणी ठरला. याच चिपळुणात 1929 साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यातील शेतकऱ्यांची परिषद भरली. 1937 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला 1949 साल उजाडले. खोती गेली, म्हण राहिली.

क्रियापदांचीही हीच गत. पंगतीत वाढतात, दारात घालतात. देवापुढचे उरलेले तो प्रसाद, मालकाच्या पानातले उरलेले ते उष्टे. गावकीची कामे करून येसकर जी भाकर मागे, तो त्याच्या कामाचा मोबदला होता; गावाने त्याला भीक म्हटले. दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले. त्या शब्दात काम आहे आणि कामाचा वाटा आहे, म्हणजे चक्क हिशेब आहे. आपण मात्र त्यात लाचारीच वाचत राहिलो. महाडला 1927 साली मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडण्याची हाक दिली गेली. भाकरीबरोबर जे मिंधेपण पदरात पडे, ते नाकारण्याची ती हाक होती.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (2003) एक प्रसंग आहे. रत्नागिरीच्या शाळेतल्या मुली मिळून जेवण करायचे ठरवतात. हिने स्वयंपाकाला हात लावायचा नाही. ही पोटभर जेवते, आणि दुसऱ्या दिवशी मुलींत चर्चा कशाची, तर ही किती जेवली याची. या प्रसंगावर लिहिणारे अस्पृश्यतेपाशी थांबतात. मला त्यातला 'किती' महत्त्वाचा वाटतो. घास मोजण्याचा अधिकार त्या लहान मुलींना कोणी दिला? कोणी शिकवला नसेल. भाषेबरोबर आपोआप आला असेल.

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) मला यासाठी मोलाचे वाटते. मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरात काय शिजत होते, कसे शिजत होते, हे ते सांगतात. तिथे भूक आहेच, पण चवही आहे, आणि शिजवणाऱ्या बाईचे कसबही. काही कार्यकर्त्या मित्रांना हे रुचत नाही. बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले त्याच्या पाककृती कशाला, असे ते विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण सोडलेल्या गोष्टीचे नाव विसरलो तर ती का सोडली हेही मुलांना सांगता येणार नाही. शिवाय चान्या वाळवणाऱ्या आजीची लाज वाटावी, असे महाडला कोणी सांगितले नव्हते.

आता सरकारी शब्द 'पोषण'. मराठीत 'पोसणे' आहेच. गुरे पोसतात, आश्रित पोसतात. शाळेत शिजवलेले जेवण मुलांना द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दिला, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क झाला. कागदावर मात्र मूल 'लाभार्थी'. जिथे मी काही काळ शिकवत होतो, तिथल्या शिक्षकांच्या खोलीत वाडीतल्या मुलांविषयी एक वाक्य नेहमी ऐकू येई: "ही खिचडी खायला येतात."

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. बाजारपेठ बुडाली. नंतरचे काही दिवस आम्ही सारेच बाहेरून आलेल्या अन्नावर होतो. बंगलेवाले, दुकानदार, शिक्षक, वाडीतले, एकाच रांगेत. आमचे नाव 'पूरग्रस्त' पडले. कोणाचे मीठ खाल्ले, हे आम्हाला कोणी विचारले नाही.

पुढे ते खिचडीचे वाक्य पुन्हा निघाले तेव्हा मी त्या गृहस्थांना विचारले, "सर, रांगेत आपण दोघे होतो, तेव्हा द्रोणात काय होते?" ते हसले. "ती मदत होती हो," म्हणाले, आणि हजेरीपट घेऊन वर्गावर गेले.